मलेशियाचे जेवण आपल्या चुलीवर

आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री सोयगावातल्या बहुतेक घरांतून साबुदाणा भिजत पडलेला असतो. सकाळी त्याची खिचडी होते, उरल्यास संध्याकाळी वडे होतात. हा दाणा आपल्या देवाधर्मात इतका मुरला आहे, की तो परका आहे असे म्हटले तर एखाद्या आजीबाई रागावतील. पण 'सागू' हा शब्द मलय भाषेतला आहे, आणि आपला 'साबू' हा त्याचाच भाऊबंद. तिकडे सारावाकच्या दलदलीत सागूचे माड वाढतात. माडाला फुलोरा येण्याच्या आत तो तोडतात, बुंधा फोडून आतला गर किसतात, तो पाण्यात धुतात, आणि तळाशी बसलेले सत्त्व म्हणजे सागू. तिथल्या मेलानाऊ लोकांचे ते पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न आहे.

आज आपण खातो तो साबुदाणा मात्र माडाचा नव्हे, कसावा नावाच्या कंदाचा. त्याचीही कथा मलायाशीच जाऊन भिडते. 1942 च्या आरंभी जपानने मलाया आणि सिंगापूर घेतले, तशी तिकडून येणाऱ्या मालाची आवक तुटली. तेव्हा 1943 च्या सुमारास तमिळनाडूतल्या सेलम गावी माणिक्कम चेट्टियार या व्यापाऱ्याने, मलायाहून आलेल्या पोपटलाल नावाच्या गृहस्थाकडून माहिती घेऊन, कसाव्याच्या पिठापासून साबुदाणा करण्याचा उद्योग सुरू केला. आपल्या वाण्याच्या दुकानातले साबुदाण्याचे पोते बहुधा त्याच सेलम भागातून येते. आणि आता गंमत पाहा. मलय भाषेत उपवासाला 'पुआसा' म्हणतात. तिथले मुसलमान रमजानच्या रोज्यालाही हाच शब्द वापरतात. हा शब्द संस्कृत 'उपवास' वरूनच गेलेला. उपवास आपल्याकडून त्यांच्याकडे गेला, आणि उपवासाचा दाणा त्यांच्याकडून आपल्याकडे आला!

तेव्हा मलेशियाचे पदार्थ घरी कसे करावेत, असा विषय निघाला म्हणून तुम्ही दचकू नका. मी इतिहासाचा अध्यापक आहे, एम. ए. ला पाकशास्त्राचा पेपर नव्हता. पण या विषयात मी पडलो त्याला एक कारण घडले, ते सांगितले पाहिजे.

माझा एक जुना विद्यार्थी क्वालालंपूरला नोकरीला आहे. त्याची आई इथेच, आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. रोज रात्री मोबाइलवर मायलेकरांचे बोलणे होते. तिकडे एकमेकांना भेटल्यावर 'सुदाह माकान?' असे विचारायची पद्धत आहे, म्हणजे 'जेवलात का?' आपल्याकडे तरी दुसरे काय विचारतात! ही माउलीही तेच विचारते. एकदा मला म्हणाली, "सर, दोन वर्सं झाली, पोरगं नुसतं 'भात खाल्ला' म्हणून सांगतं. भातासंगं काय, ते सांगतच नाही." त्यात तक्रार होतीच, पण त्याहून जास्त भीती होती. आपण ज्याला भरवून वाढवला तो आता काय खातो हे आईला ठाऊक नसणे, ही लहान गोष्ट नव्हे. मुलाला विचारले, तर तो म्हणाला, "सर, सांगू कसं? त्या पदार्थांना आपल्याकडे नावंच नाहीत."

तेव्हा दिवाळीत तो गावी आला असताना आमच्या घरी हे जेवण करायचे ठरले. सौ. ने हाताने केले, मी वाचून सांगितले, आणि त्या मुलाने चव पाहिली. नियम एकच ठेवला होता: तिथे जेवलेल्या माणसाने डोळे मिटून घास घेतला तर त्याला तो ओळखू आला पाहिजे. ज्या बदलाने ओळख पुसत नाही तो बदल चालेल. ज्याने पुसते तो चालणार नाही. तुम्हीही हाच नियम ठेवा असे मी सुचवीन. नाहीतर फोडणीत सॉस ओतून त्याला मलेशियाचे नाव देण्याचा उद्योग शहरातल्या हॉटेलांतून चालतोच आहे.

आता सामानाचा विचार करू. आपला तालुका अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. समुद्र कुठे राहिला! पण आपल्याच तालुक्यातल्या अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे गलबत रंगवलेले आहे. ते चित्र रंगले त्याच शतकाच्या आसपास बुद्धगुप्त नावाच्या एका महानाविकाने मलायाच्या किनाऱ्यावर संस्कृतात शिलालेख कोरवून ठेवला. तो पुढे तिथे सापडला आणि आता कलकत्त्याच्या संग्रहालयात आहे. पुढे अल्बुकर्कने 1510 साली गोवा घेतला आणि लगेच 1511 साली मलाक्का घेतले. अमेरिकेतून निघालेली मिरची आणि भुईमूग पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबरच या दोन्ही किनाऱ्यांवर पसरले. म्हणून तिथल्या स्वयंपाकघरात गेलात तर निम्मे डबे तुम्हाला ओळखीचे वाटतील. धन्याला ते 'कतुंबार' म्हणतात, आपल्या 'कोथिंबिरी'चे संस्कृत मूळ 'कुस्तुंबरी' तेच. साखरेला 'गुला' म्हणतात, आणि 'गूळ' तर तुम्ही ओळखलाच असेल.

सेराय म्हणून जे गवत ते वापरतात तो आपला गवती चहाच. फरक एवढाच, की आपण पाने कापून चहात टाकतो आणि बुडखा जमिनीत ठेवतो. ते पाने टाकून देतात आणि बुडख्याचा पांढरा, बोटभर भाग ठेचून घालतात. परसातला गवती चहाचा ठोंब मुळासकट उपटा, धुवा, बाहेरचे दोन पापुद्रे काढा, झाले काम. लंकुवास म्हणून आल्यासारखे मूळ लागते. ते आपल्याकडे कुलिंजन नावाने काष्ठौषधीच्या दुकानात वाळलेले मिळते. गवय्ये आवाजासाठी तोंडात धरतात तेच. वाळलेले असल्याने ते रात्रभर भिजवावे आणि थोडेच घालावे, कारण जास्त झाले तर काढ्याचा वास येतो. पांदान नावाचे केवड्याच्या कुळातले एक हिरवे पान भाताला लागते. ते एखाद्या रोपवाटिकेत 'अन्नपूर्णा' किंवा 'बासमतीचे पान' या नावाने मिळाले तर कुंडीत लावा. न मिळाले तर सरळ वगळा, पण त्याच्या जागी केवड्याचे पाणी मात्र घालू नका. भात जेवणाचा न राहता अत्तराचा होतो.

खरी अडचण नारळाची. आपण खानदेशाच्या कडेचे लोक. आपला मसाला सुक्या खोबऱ्याचा. ओला नारळ आपल्याकडे देवापुढे फुटतो आणि प्रसाद म्हणून वाटला जातो. मलेशियाचा स्वयंपाक मात्र नारळाच्या दुधावर उभा आहे, आणि तिथे तडजोड नाही. गाईचे दूध घालून पाहू, साय घालून पाहू, असे मनात आणू नका. नारळ ताजा फोडावा, खवावा, वाटीभर कोमट पाणी घालून वाटावा आणि स्वच्छ फडक्यातून पिळावा. पहिले निघते ते दाट दूध. चोथ्यात पुन्हा पाणी घालून पिळले की पातळ दूध. दोन्ही निरनिराळी ठेवावीत. दाट दूध शक्यतो शेवटी घालावे. हे काम थोडे कष्टाचे आहे हे कबूल, पण घरात माझ्यासारखा रिकामा पुरुष असेल तर नारळ खवण्याचे काम त्याच्याकडे द्यावे.

आता मुख्य पदार्थ. नासी म्हणजे भात आणि लमाक म्हणजे स्निग्ध. नासी लमाक म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात. तिथे लोक तो सकाळी न्याहारीला खातात, केळीच्या पानात बांधून गाड्यांवर विकतात. केळीचे पान आपल्याला नवे नाही. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात केळीच केळी. दोन वाट्या कोलम तांदूळ धुऊन निथळावा. दोन वाट्या पातळ आणि एक वाटी दाट दूध, मीठ, आल्याचा एक ठेचलेला तुकडा आणि गवती चहाचा एक बुडखा घालून मंद आचेवर शिजवावा. दूध असल्यामुळे तळाशी लागण्याची धास्ती असते, म्हणून बुडाला जाड पातेले घ्यावे. भात मोकळा झाला पाहिजे. आपल्या नारळीभातासारखा गोड नाही आणि खिचडीसारखा गचकाही नाही.

पण भात हे नुसते निमित्त. जीव आहे तो सांबालात. सांबाल म्हणजे मिरचीचे एक दाट, लालभडक, किंचित गोड कालवण. ब्याडगी मिरच्या पंधरा-वीस घ्याव्यात. लवंगी घेतल्या तर पाहुणे पुन्हा येणार नाहीत. बिया झाडून टाकून त्या गरम पाण्यात भिजवाव्यात, आणि एक कांदा, पाच-सहा लसणाच्या पाकळ्या यांच्यासह गुळगुळीत वाटाव्यात. अर्धी वाटी तेल तापवून वाटण त्यात सोडावे आणि आच बारीक करावी. यानंतर जे करायचे त्याला फक्त धीर लागतो. मलय बायका सांगतात, 'पचाह मिन्याक' होईपर्यंत परतायचे. शब्दशः अर्थ तेल फुटणे. आपल्या बायका म्हणतात 'तेल सुटेपर्यंत'. शेवभाजीवर तर्री आली नाही तर आपण नाक मुरडतो ना? तसेच हे. आधी वाटण तेल पिऊन टाकते, मग फुगते, बुडबुडे येतात, रंग लालाचा तांबूस होतो आणि मग कडेने तेल बाहेर येऊ लागते. याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. घाई केली तर मिरचीचा कच्चा वास राहतो आणि घशाला लागतो. तेल सुटले की दोन कांदे उभे चिरून घालावेत, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, मोठा चमचाभर गूळ आणि मीठ घालून आणखी दहा मिनिटे शिजवावे.

एक गोष्ट मुद्दाम मागे ठेवली होती. या वाटणात ते 'बलाचान' घालतात. बारीक कोळंबी खारवून, आंबवून, वाळवून केलेली ही वडी असते, आणि तिचा वास उग्र. ती इथे मिळत नाही. पण ज्या बारीक कोळंबीपासून ती होते तिच्याच जातकुळीतला आपला जवळा. आठवडी बाजारात सुकट-बोंबलाच्या पाटीवर तो मिळतो. मूठभर सुका जवळा निवडून, तव्यावर खमंग भाजून, कुटून मिरचीबरोबर वाटावा. आंबवलेल्याचा खोलपणा त्याला येत नाही, पण आमच्या परीक्षकाने घास ओळखला, म्हणजे नियमात बसले. भातावर ते जे तळलेले चिमुकले मासे टाकतात, त्यांच्या जागी सुकी मांदेली तळून घालावी. तेही एकाच घराण्यातले. ज्यांच्या घरी हे काहीच चालत नाही त्यांनी सांबालातून जवळा वगळून चिंच-मीठ जरा चढे ठेवावे. क्वालालंपुरातही शाकाहारी दुकानांतून असा भात मिळतो. तेव्हा संकोचाचे कारण नाही. वाढताना भाताची मूद, बाजूला सांबाल, तळलेले शेंगदाणे, काकडीच्या चकत्या आणि उकडलेले अर्धे अंडे.

त्या दिवशी त्या बाईंनी पहिला घास घेतला, थोडा वेळ चावला, आणि लेकाकडे पाहून म्हणाल्या, "हा तं आपला ठेचाच झाला, गूळ टाकेल."

मुलगा म्हणाला, "माय, रोज सकाळी हेच खातो मी."

"मंग इतके दिवस सांगितलं काहून नाही?"

तो काही बोलला नाही. बाईंनी दुसऱ्यांदा सांबाल वाढून घेतले आणि सौ. ना विचारले, "मिरच्या कोन्त्या घेतल्या?" पुढच्याच आठवड्यात त्यांनी स्वतःच्या चुलीवर तो केला, जवळ्याऐवजी बोंबील भाजून घातला होता. त्यांच्या लेकाला तोही ओळखू आला. मला विचाराल तर किंचित कडू झाला होता, पण माझे मत कोण विचारतो!

मांसाहारी मंडळींसाठी रेंदांग सांगतो. हा मूळचा सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांचा; त्यांच्यातले पुष्कळ जण मलेशियाच्या नेगेरी सेंबिलान भागात येऊन वसले. तिथे बहुधा गाई-म्हशीचे मांस वापरतात. आपण बोकडाचे किंवा कोंबडीचे घ्यावे. कांदा, लसूण, आले, कुलिंजन, भिजवलेल्या मिरच्या यांचे वाटण; दालचिनी, लवंग, वेलदोडा, चक्रीफूल अख्खे; गवती चहाचे दोन-तीन बुडखे. हे सारे परतून त्यात किलोभर मटण आणि दोन नारळांचे दूध घालायचे, आणि झाकण न ठेवता मंद आचेवर शिजत ठेवायचे. तास-दीड तासाने रस्सा दाटतो. मिनांगकाबाऊ लोक या अवस्थेला 'कालियो' म्हणतात. आपण इथे थांबलो तर ती आपल्यासारखीच एक भाजी. पण थांबायचे नाही. आणखी तास-दीड तास हलवत राहायचे. दुधाचे पाणी आटते, तेल सुटते, आणि मग मटण त्याच तेलात तळले जाऊन गडद तपकिरी होते. कुकरच्या शिट्टीने मांस शिजेल, रेंदांग होणार नाही. परसात हळद लावली असेल तर तिचे एक पान बारीक चिरून घालावे. हिंगोली-वसमतकडे हळदीचे एवढे पीक येते, आणि पाने मात्र वाया जातात.

शेवटी घालायचे 'करिसिक'. खवलेला नारळ कोरडाच तांबूस भाजायचा आणि खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटायचा. हे ऐकताच आमच्या सौ. हसल्या. आपल्या काळ्या मसाल्याला खोबरे भाजतात त्याहून यात वेगळे काय आहे? फक्त आपण सुके घेतो, ते ओले घेतात.

या रेंदांगावरून 2018 साली मोठा गदारोळ झाला. इंग्लंडमधल्या दूरचित्रवाणीच्या एका पाककलेच्या स्पर्धेत मलेशियात जन्मलेल्या एका बाईंनी नासी लमाक आणि कोंबडीचे रेंदांग केले. कोंबडीची कातडी कुरकुरीत झाली नाही, असा शेरा परीक्षकाने मारला, आणि बाई स्पर्धेतून बाद झाल्या. मलेशियाच नव्हे, इंडोनेशिया आणि सिंगापूरही खवळले. मलेशियाच्या पंतप्रधानांनीही त्यात उडी घेतली. तीन तास दुधात शिजणाऱ्या पदार्थाची कातडी कुरकुरीत कशी राहील? पुरणपोळी खुसखुशीत नाही म्हणून कोणी नापास केली तर आपल्याला काय वाटेल, त्याचा विचार करा. लोक हसले पुष्कळ, पण त्या हसण्याच्या तळाशी राग होता, आणि मला तो रास्त वाटतो. परक्याचा पदार्थ करून पाहताना आधी त्याची रीत काय ते ऐकून घ्यावे, एवढीच त्यांची मागणी होती. शाकाहारी लोकांनी कोवळ्या फणसाचे रेंदांग करावे. फणस लवकर शिजतो, म्हणून रस आधी निम्मा आटवून मग त्यात घालावा.

साते म्हणजे काड्यांना टोचून निखाऱ्यावर भाजलेले मांसाचे तुकडे. ते राहू द्या. पण त्याबरोबरची शेंगदाण्याची आमटी, 'कुआह काचांग', करून पाहा. सांबालाचेच वाटण, त्यात गवती चहा आणि कुलिंजन. तेल सुटले की पाणी, चिंच, गूळ आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट. बारीक कूट घातला तर ती आपली उपवासाची आमटी होते. भाकरीशी ती फार छान लागते. मलेशियात तशी कोणी खात नाही, हे मात्र खरे. तिथे पराठ्यासारखी 'रोती चानाई' डाळीच्या वरणाबरोबर खातात, ती दक्षिण भारतातून गेलेल्या लोकांचीच देणगी, तेव्हा तिच्यासाठी वेगळा धडा नको.

शेवटी गोड, आणि ते पुन्हा साबुदाण्याचे. 'सागू गुला मलाका' हे नाव. गुला मलाका म्हणजे माडाच्या रसाचा गूळ. खादी ग्रामोद्योगाच्या दुकानात ताडगूळ मिळाला तर उत्तम. नाहीतर काळसर, सेंद्रिय गूळ घ्यावा. पांढरा-पिवळा गूळ नुसता गोड लागतो, त्याला तो धुरकट वास नसतो. इथे साबुदाणा भिजवायचा नाही. आठ वाट्या पाण्याला खळखळून उकळी आली की वाटीभर बारीक साबुदाणा कोरडाच सोडावा आणि ढवळत राहावे. बारा-पंधरा मिनिटांत दाणे पारदर्शक होऊन मध्ये पांढरा ठिपका तेवढा उरतो. आच बंद करून दहा मिनिटे झाकावे, म्हणजे ठिपकाही जातो. मग चाळणीवर ओतून थंड पाण्याने भरपूर धुवावे. हे धुणे टाळू नका, नाहीतर खळ होते. वाट्यांतून भरून गार जागी दोन तास ठेवावे. गुळात थोडे पाणी घालून पाक करून गाळावा. नारळाच्या दाट दुधात चिमूटभर मीठ घालावे. उपवास असेल तर सैंधव घाला, म्हणजे एकादशीलाही चालेल. खायच्या वेळी साबुदाणा ताटलीत उलटा करायचा, वरून आधी दूध आणि मग पाक. वाटीत भरण्यापूर्वी ती आतून पाण्याने ओली करून घ्या, म्हणजे मूद न मोडता सुटून येते.